विश्लेषण : उखडलेल्या रुळांवर पुन्हा प्रवाशांची गर्दी कशी झाली? स्कॉटलंडची ‘बॉर्डर्स रेल्वे’ काय सांगते?

तोट्यात आहे म्हणून १९६९ मध्ये बंद केलेला, रूळ उखडून टाकलेला रेल्वेमार्ग ४६ वर्षांनी पुन्हा बांधला गेला आणि पहिल्या महिन्यातच त्यावरून सव्वा लाखाच्या आसपास प्रवाशांनी प्रवास केला. स्कॉटलंडमधील एडिनबरा ते ट्वीडबँक या ‘बॉर्डर्स रेल्वे’ची ही गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये या मार्गाच्या पुनरारंभाला दहा वर्षे पूर्ण झाली. ब्रिटनमध्ये जुने मार्ग पुन्हा सुरू करण्याचा विषय निघाला की आजही पहिले उदाहरण याच मार्गाचे दिले जाते. त्याचे समर्थकही ते देतात आणि टीकाकारही. कारण येथे प्रवासी आले; पण जिथून येतील असे वाटले होते तिथून कमी आले आणि जिथून फारसे कोणी येणार नाही असे गृहीत धरले होते, तिथे वाहनतळात जागा उरली नाही. अंदाज चुकल्याची किंमत हा मार्ग आजही मोजतो आहे.

मूळ मार्ग कोणता होता?

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा आणि इंग्लंडच्या वायव्य टोकाचे कार्लाइल या शहरांना जोडणारा सुमारे १५८ किलोमीटरचा हा मार्ग ‘वेव्हर्ली रूट’ म्हणून ओळखला जाई. एडिनबरा ते हॉइक हा टप्पा १८४९ मध्ये, तर पुढे कार्लाइलपर्यंतचा टप्पा १८६२ मध्ये पूर्ण झाला. सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘वेव्हर्ली’ कादंबऱ्यांवरून हे नाव पडले. स्कॉट यांचे ॲबट्सफर्ड हे निवासस्थान याच मार्गाजवळ, आजच्या ट्वीडबँक स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे. डोंगर, नद्यांची खोरी, मेंढपाळांची गावे आणि लोकरीच्या कापडाच्या गिरण्या असलेली मध्यम आकाराची शहरे, असा हा प्रदेश. ट्वीड हे जाडसर लोकरी कापड आणि विणलेले कपडे ही गॅलाशील्स व हॉइक या शहरांची ओळख. कोळसा आणि लोकर आत आणणे, तयार माल बाहेर नेणे आणि माणसांची ने-आण हे सारे काम शतकभर रेल्वेने केले.

तो बंद का करण्यात आला?

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि मालमोटारी वाढल्या, तसा ब्रिटिश रेल्वेचा तोटाही वाढत गेला. त्यावर उपाय सुचवण्याचे काम रसायन उद्योगातून आलेले रिचर्ड बीचिंग यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील एकूण रेल्वेमार्गांपैकी एकतृतीयांश मार्गांवरून प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का भाग होतो, असे त्यात दाखवून दिले होते. सुमारे आठ हजार किलोमीटरचे मार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करावीत, अशी शिफारस होती. वेव्हर्ली मार्ग त्या यादीत होता.

बीचिंग यांची आकडेवारी खोटी नव्हती, पण ती एका आठवड्याची होती. एप्रिल १९६१ मधील एका आठवड्यात झालेल्या वाहतुकीची मोजणी अहवालाचा मुख्य आधार होती. उन्हाळी सुट्टीत भरून वाहणाऱ्या मार्गांवर अन्याय झाला, ही टीका तेव्हापासूनची आहे. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत होता. लहान मार्ग बंद केले तर तेथील लोक बसने किंवा मोटारीने जवळच्या मोठ्या स्थानकापर्यंत येतील आणि तेथून रेल्वेने जातील, असे धरले होते. प्रत्यक्षात घरातून मोटार काढलेला माणूस स्थानकावर थांबलाच नाही, तो थेट मुक्कामी गेला. त्यामुळे फांद्या छाटताना खोडाचा रसही आटला.

विरोध झाला नाही का?

झाला, आणि तो आजही आठवला जातो. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने डिसेंबर १९६८ मध्ये ११ हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन लंडनला पंतप्रधान निवासात नेऊन दिले. हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने ते ऐकले नाही. ५ जानेवारी १९६९ च्या रात्री एडिनबराहून लंडनला जाणारी शेवटची गाडी निघाली. वाटेत हॉइकला लोकांनी परिवहनमंत्र्यांच्या नावाने पाठवलेली एक शवपेटी गाडीत चढवली. पुढे न्यूकासल्टन या छोट्या गावात फाटक बंद करून गावकरी रुळांवर उभे राहिले. गावच्या धर्मोपदेशकाला पोलिसांनी पकडले, तेव्हा जमाव आणखी हटून बसला. गाडीत त्या भागाचे तरुण खासदार डेव्हिड स्टील होते. धर्मोपदेशकाची सुटका आणि गाडीला वाट, असा समेट त्यांनी घडवून आणला. सुमारे दोन तासांच्या खोळंब्यानंतर गाडी सुटली आणि मार्ग बंद झाला. लवकरच रूळही उखडले गेले.

हेच स्टील पुढे, १९९९ मध्ये, नव्याने स्थापन झालेल्या स्कॉटिश संसदेचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच संसदेत या मार्गाच्या पुनर्बांधणीचा कायदा झाला.

रेल्वे गेल्यावर प्रदेशाचे काय झाले?

स्कॉटिश बॉर्डर्स हा एक लाखाहून अधिक वस्तीचा प्रदेश एकाही रेल्वे स्थानकाविना राहिला. किनाऱ्यालगतचा लंडन-एडिनबरा मुख्य मार्ग त्याच्या हद्दीतून जात होता; पण गाड्या तेथे थांबत नव्हत्या. एडिनबरा नकाशावर ५०-५५ किलोमीटरवर, पण वळणावळणाच्या रस्त्याने बसला सव्वा ते दीड तास लागायचा. गिरण्या एकामागून एक आटोपत गेल्या. त्याला केवळ रेल्वे कारणीभूत नव्हती. स्वस्त आयात आणि बदललेली फॅशन ही मोठी कारणे होती. मात्र गिरणीतली नोकरी गेलेल्याला किंवा नुकतेच शिक्षण संपवलेल्याला घरी राहून राजधानीत नोकरी करण्याचा मार्ग उरला नव्हता. त्याला गावच सोडावे लागे. पन्नाशीच्या पुढच्यांची वस्ती वाढत गेली आणि विशीतले लोक बाहेर पडत राहिले.

पुनर्बांधणी शक्य कशी झाली?

१९९९ मध्ये ‘कँपेन फॉर बॉर्डर्स रेल’ ही स्थानिक चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी स्कॉटलंडला स्वतःची संसद मिळाल्याने निर्णय लंडनऐवजी एडिनबरात होणार होता. २००६ मध्ये पुनर्बांधणीचा कायदा मंजूर झाला. मात्र काम सुरू व्हायला आणखी सहा-सात वर्षे गेली. खासगी गुंतवणुकीतून मार्ग बांधण्याची निविदा प्रक्रिया २०११ मध्ये फसली. त्यानंतर ब्रिटनमधील रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या ‘नेटवर्क रेल’कडे काम देण्यात आले.

बंद केलेला मार्ग पुन्हा उभारणे किती अवघड असते, हे या काळात दिसले. मधल्या चार दशकांत जुन्या रुळांच्या वाटेवर काही ठिकाणी घरे आली होती. एडिनबराला वळसा घालणारा मोठा महामार्ग रेल्वेची वाट छेदून गेला होता. त्याखालून नवी वाट काढावी लागली. जुने दगडी पूल आणि बोगदे मात्र बऱ्याच ठिकाणी शाबूत होते. ते दुरुस्त करून वापरले गेले. एकूण खर्च २९ कोटी ४० लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास तीन हजार कोटी रुपये ठरला. एवढ्यात मूळ १५८ किलोमीटरपैकी फक्त ४९ किलोमीटरचा मार्ग होणार होता. हॉइक, न्यूकासल्टन ही गावे त्यात नव्हती.

६ सप्टेंबर २०१५ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली. ९ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांनी औपचारिक उद्घाटन केले. ब्रिटनच्या सिंहासनावर सर्वाधिक काळ राहण्याचा विक्रम त्यांनी त्याच दिवशी केला होता. त्यामुळे या छोट्या मार्गाची छायाचित्रे जगभर गेली.

प्रवासी किती आले?

पहिल्या सहा महिन्यांत सुमारे ६ लाख ९४ हजार आणि पहिल्या वर्षात साडेबारा लाखांहून अधिक फेऱ्या नोंदवल्या गेल्या. पहिल्या तीन वर्षांत मिळून हा आकडा ४० लाखांवर गेला, म्हणजे पहिल्या वर्षाची नवलाई ओसरल्यावरही वाढ सुरूच राहिली. मुंबईच्या लोकलशी तुलना केली तर हे आकडे क्षुल्लक वाटतील. पण येथे दर अर्ध्या तासाला दोन-चार डब्यांची डिझेल गाडी धावते आणि शेवटच्या टप्प्यातील गावांची वस्ती काही हजारांत आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

एकूण बेरजेत तज्ज्ञांचा अंदाज फार चुकला नव्हता. तो स्थानकनिहाय चुकला. मार्गावर सात नवी स्थानके आहेत. शॉफेअर, एस्कबँक, न्यूटनग्रेंज आणि गोअरब्रिज ही चार एडिनबराजवळच्या मिडलोदियन भागात, तर स्टो, गॅलाशील्स आणि ट्वीडबँक ही तीन दूरच्या बॉर्डर्स प्रदेशात. बहुतेक प्रवासी जवळच्या चार स्थानकांतून येतील, असा हिशेब होता. पहिल्या सहा महिन्यांत शेवटच्या ट्वीडबँकमध्ये सुमारे १९ हजार प्रवासी अपेक्षित होते, आले १ लाख ८४ हजारांच्या आसपास. गॅलाशील्समध्ये साडेवीस हजारांच्या जागी १ लाख ४ हजारांहून अधिक. स्टो या खेड्यात पाच हजारांच्या जागी २४ हजार. विशेष म्हणजे स्टोला आधी स्थानकच नव्हते. गावकऱ्यांनी आग्रह धरला म्हणून संसदेतील छाननीच्या वेळी ते योजनेत आले. याउलट एडिनबराजवळच्या शॉफेअरमध्ये अपेक्षेपेक्षा फारच कमी प्रवासी आले.

अंदाज असा उलटा का पडला?

प्रवासी संख्येचा अंदाज बांधताना स्थानकाभोवतीची वस्ती, तेथील लोकांच्या सध्याच्या प्रवासाच्या सवयी आणि वाचणारा वेळ यांची सांगड घातली जाते. बॉर्डर्समधून एडिनबराला रोज जाणारे लोक कमी होते, म्हणून रेल्वे आल्यावरही कमीच जातील, असे उत्तर त्यातून निघाले. पण लोक जात नव्हते, कारण जाण्याचे साधन नव्हते. नदीवर पूल नसताना पोहून पलीकडे जाणारे किती, हे मोजून पुलाची गरज ठरवण्यासारखाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट वाहनतळाची. ट्वीडबँक हे मार्गाचे शेवटचे स्थानक. त्याच्या पुढे हॉइक, केल्सो, मेलरोझ, जेडबरा अशी शहरे-गावे आहेत. तेथील लोक मोटारीने ट्वीडबँकला येतात, मोफत वाहनतळावर गाडी लावतात आणि रेल्वेने पुढे जातात. एडिनबरात मोटार उभी करणे महाग आणि कटकटीचे असल्याने त्यांना हे परवडते. म्हणजे ट्वीडबँकचे प्रवासी ट्वीडबँकमध्ये राहणारे नाहीत. स्थानकाच्या आसपासची घरे मोजणाऱ्या हिशेबात ते दिसलेच नाहीत.

तिसरी गोष्ट मिडलोदियनची. तेथून एडिनबराला जाणाऱ्या बस स्वस्त आहेत, सतत असतात आणि घराजवळ थांबतात. दहा-बारा किलोमीटरच्या प्रवासासाठी स्थानकापर्यंत चालत जाऊन अर्ध्या तासाने येणारी गाडी पकडण्यात लोकांना मोठा फायदा दिसला नाही. शॉफेअरला तर एक संपूर्ण नवे उपनगर वसेल असे गृहीत धरले होते, पण २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घरबांधणी रेंगाळली. स्थानक तयार होते, घरे व्हायची होती. लांबच्या अंतरावर जिथे बसचा दीड तास रेल्वेने तासाच्या आत आणला, तिथे मात्र लोकांनी लगेच रेल्वे निवडली.

आणि चौथी गोष्ट पर्यटकांची. सुरुवातीच्या आठवड्यांत वाफेच्या इंजिनाच्या खास गाड्या सोडल्या गेल्या आणि त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला. ॲबट्सफर्ड आणि मेलरोझचा मध्ययुगीन मठ पाहायला येणाऱ्यांना एडिनबराहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे सोपे झाले.

रेल्वेमुळे काही बदलले का?

स्कॉटिश सरकारच्या परिवहन विभागाने पुनरारंभानंतर प्रवाशांचे सर्वेक्षण करवून घेतले. या काळात घर बदललेल्या प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी, घर कुठे घ्यायचे हे ठरवताना रेल्वेचा विचार केल्याचे सांगितले. नोकरी बदललेल्यांचे उत्तरही तसेच होते. रेल्वे आली म्हणून लोकांनी फक्त प्रवासाचे साधन बदलले असे नव्हे, राहण्याचे आणि काम करण्याचे ठिकाणही बदलले. अशी माणसे मार्ग बांधण्यापूर्वीच्या कोणत्याही मोजणीत सापडत नाहीत, कारण तेव्हा ती तिथे राहतच नसतात.

गॅलाशील्समध्ये स्थानकासमोरच बस स्थानक उभारण्यात आले. रेल्वेतून उतरलेल्याला आसपासच्या गावांची बस तिथेच मिळते. स्कॉटलंडचा इतिहास सांगणाऱ्या भरतकामाच्या भव्य पटांचे कायमस्वरूपी दालनही ऑगस्ट २०२१ मध्ये याच शहरात उघडले. असे दालन राजधानीत न करता गिरण्या गेलेल्या शहरात करण्यामागे, रेल्वेने लोक येतील हा भरवसा होता.

मात्र सगळेच गोड नाही. एडिनबरात कमावणारे लोक येऊन राहू लागले की घरांच्या किमती वाढतात आणि स्थानिक पगारावर जगणारे मागे पडतात. सकाळी रिकामे होणारे आणि रात्री झोपायला भरणारे गाव म्हणजे विकास का, हा प्रश्न तेथेही विचारला जातो. बसचे काही प्रवासी रेल्वेकडे वळल्याने ग्रामीण बससेवेवर ताण आल्याची तक्रारही आहे.

मग मार्ग अपुरा का पडतो?

अंदाज कमी धरला की बांधकामही कमी होते. येथे तेच झाले. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी बहुतांश मार्ग एकेरी ठेवण्यात आला. ४९ किलोमीटरपैकी फक्त सुमारे १५ किलोमीटरवर, तीन तुकड्यांत, दुहेरी रूळ आहेत. समोरासमोरच्या गाड्या त्याच तुकड्यांत एकमेकींना ओलांडतात. कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. एक गाडी दहा मिनिटे उशिरा आली की समोरची गाडी क्रॉसिंगसाठी थांबते आणि तो उशीर पुढच्या गाड्यांकडे सरकत जातो. वेळापत्रक सावरण्यासाठी मग एखादी फेरी रद्द केली जाते किंवा मधली स्थानके गाळली जातात. पहिल्या दोन वर्षांत येथील प्रवाशांनी हे वारंवार अनुभवले. जुन्या डिझेल गाड्यांतील बिघाड आणि डब्यांची कमतरता यांनी त्यात भर घातली.

एकेरी रूळ नंतर दुहेरी करता येतात. पण येथे अडचण आहे. नव्याने बांधलेले बरेच पूलही एकाच रुळाच्या रुंदीचे आहेत. जुन्या काळी पूर्ण मार्ग दुहेरी होता, दगडी पूल त्या मापाचे होते. एकविसाव्या शतकातले पूल त्यांच्यापेक्षा अरुंद निघाले. दर पंधरा मिनिटांनी गाडी सोडायची झाली, तर आधी हे पूल रुंद करावे लागतील. बांधतानाच थोडा अधिक खर्च केला असता तर जे स्वस्तात झाले असते, ते आता वाहतूक सुरू ठेवून करणे कितीतरी महाग पडेल. कमी प्रवासी येतील म्हणून छोटा मार्ग बांधायचा, मार्ग छोटा म्हणून गाड्या कमी सोडायच्या आणि गाड्या कमी म्हणून आणखी प्रवासी वाढू शकत नाहीत, असे हे चक्र आहे.

फायदा-तोट्याच्या गणितात हा मार्ग बसत होता का?

नाही. २०१२ च्या अंतिम आर्थिक आराखड्यात, खर्च केलेल्या प्रत्येक पौंडामागे अर्ध्या पौंडाचाच लाभ होईल, असे दाखवले होते. रूढ निकषांवर हा प्रकल्प तिथेच थांबायला हवा होता. तो पुढे गेला तो राजकीय निर्णय म्हणून. टीकाकार म्हणतात, इतक्या पैशांत संपूर्ण प्रदेशाला उत्तम बससेवा देता आली असती आणि तिकिटांतून या मार्गाचा खर्च आजही निघत नाही. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. ब्रिटनमधील बहुतेक प्रादेशिक रेल्वेसेवा सरकारी मदतीवरच चालतात.

समर्थकांचा मुद्दा असा की हे गणित मुख्यतः वाचलेल्या मिनिटांची किंमत मोजते. ओस पडत चाललेल्या शहरात एक तरुण कुटुंब राहिले, दवाखान्यात किंवा महाविद्यालयात एकट्याने जाणे शक्य झाले, गाडी चालवू न शकणारा म्हातारा माणूस नातवाला भेटून आला, याची किंमत त्यात नीट पकडली जात नाही. दाट वस्तीच्या शहरात हजारो लोकांची पाच-पाच मिनिटे वाचवणारा प्रकल्प त्यामुळे नेहमी पुढे राहतो आणि दूरचा प्रदेश मागे.

हे एकाच मार्गापुरते आहे का?

नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्सेटर ते ओकहॅम्टन हा ‘डार्टमूर लाइन’ मार्ग नोव्हेंबर २०२१ मध्ये नियमित वाहतुकीसाठी पुन्हा खुला झाला. तेथे रूळ जागेवर होते, त्यामुळे सुमारे चार कोटी पौंडांत आणि ठरलेल्या वेळेआधी काम झाले. प्रवासी अपेक्षेच्या दुपटीहून अधिक आले. स्कॉटलंडमध्ये लेव्हनमाउथ हा आठ किलोमीटरचा मार्ग जून २०२४ मध्ये सुरू झाला. न्यूकासल ते ॲशिंग्टन या ‘नॉर्थम्बरलँड लाइन’वर डिसेंबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्या धावू लागल्या आणि पहिले वर्ष संपण्याआधीच दहा लाख फेऱ्यांचा टप्पा ओलांडला गेला. या मार्गाचा खर्च मात्र आधीच्या अंदाजापेक्षा बराच वाढून ३० कोटी पौंडांच्या घरात गेला.

बीचिंग यांच्या कात्रीतून गेलेले मार्ग पुन्हा जोडण्यासाठी ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये ५० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला होता. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने तिजोरीतील खड्ड्याकडे बोट दाखवत ती योजना गुंडाळली. प्रवासी वाढत असल्याचे दिसत असताना नव्या मार्गांसाठी पैसा आटला, अशी आजची स्थिती आहे.

पुढे काय?

कोविडकाळात ब्रिटनमधील इतर मार्गांप्रमाणे येथील गाड्याही ओस पडल्या. घरून काम करण्याची पद्धत रुजल्याने रोज जाणारे कमी झाले. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस जाणारे वाढले. कार्यालयात रोज जायचे नसेल तर तासाभराचा प्रवास जड वाटत नाही. त्यामुळे दूरवर राहण्याची कल्पना अधिक लोकांना पटू लागली. एप्रिल २०२२ पासून ‘स्कॉटरेल’ ही सेवा सरकारी मालकीची झाली. गर्दीच्या वेळचे जादा भाडे रद्द करण्याचा प्रयोग स्कॉटलंडभर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्यातून प्रवासी सुमारे ६.८ टक्केच वाढले आणि खर्च भरून निघत नाही म्हणून वर्षभराने तो थांबवण्यात आला. पण सप्टेंबर २०२५ पासून जादा भाडे कायमचे रद्द झाले. ट्वीडबँकहून रोज सकाळी राजधानीला जाणाऱ्यांना याचा थेट लाभ आहे.

मोठा प्रश्न ट्वीडबँकच्या पुढचा आहे. हॉइकपर्यंत आणि तेथून कार्लाइलपर्यंत मार्ग नेण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यासाठी २०२१ च्या सीमाभाग विकास करारात एक कोटी पौंडांची तरतूद झाली होती. कार्लाइलपर्यंत मार्ग गेला तर तो इंग्लंडच्या मुख्य मार्गाला पुन्हा जोडला जाईल. मात्र हॉइकच्या पुढे वस्ती विरळ आहे, डोंगर अवघड आहेत आणि रूढ निकषांचे गणित ट्वीडबँकपेक्षाही कठीण असणार आहे. समर्थक त्यावर ट्वीडबँकच्याच आकड्यांकडे बोट दाखवतात. १९ हजारांचा अंदाज आणि १ लाख ८४ हजार प्रवासी, यांत जे अंतर पडले ते कागदावरच्या कोणत्या रकान्यात बसवायचे, याचे उत्तर नियोजनकारांना अजून द्यायचे आहे. ज्या हॉइकमधून मॅज एलियट सह्या घेऊन लंडनला गेल्या, तेथील लोक आजही मोटारीने ट्वीडबँकला येऊन गाडी पकडतात.